केपांचं रिव्हॉल्व्हर: बार भरण्याची शिस्त, आणि पेटीत सापडलेल्या जुन्या हत्याराचं काय करायचं

मागवाला_अण्णा (धागाकर्ता)
रवि, २१:४०

मंडळी, ठासणीच्या बंदुकांच्या धाग्यावर तिघा-चौघांनी केपांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल विचारलं होतं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी सोलापूरच्या अशोक चौकातला. मागाच्या यंत्रांच्या कामानिमित्त काही वर्षं उत्तर इटलीत, ब्रेशाजवळ राहिलो. ब्रेशाच्या वर वाल ट्रॉम्पिया नावाचं खोरं आहे. सोलापुरात जशी घराघरात चादर, तशी तिथे गावागावात बंदूक. बेरेटाचा कारखाना त्याच खोऱ्यातला, १५२६ पासूनचा. काळ्या दारूवर नेमबाजी करणारे लोक आज जी रिव्हॉल्व्हरं वापरतात, त्यातली पुष्कळशी उबेर्ती आणि पिएत्ता या त्याच भागातल्या दोन कंपन्यांची असतात. कामावरच्या एका वयस्क फोरमनने मला त्यांच्या क्लबात नेलं. क्लबचं हत्यार, क्लबची रेंज आणि त्याची करडी नजर, असं माझं शिक्षण झालं. भारतात कुणी हे घरच्या घरी करावं म्हणून लिहीत नाहीये. कायद्याचं खाली जाणकार सांगतीलच.

आजच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पितळी काडतूस घालतात; दारू, गोळी, ठिणगी सगळं त्यात बंद. केपांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस नाही. सिलिंडरला (मधल्या फिरत्या भागाला) बहुधा सहा घरं असतात. प्रत्येक घरात पुढच्या तोंडाने मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे आरपार भोक असलेल्या बोंडावर, तांब्याची इवलीशी केप चढवायची. घोडा केपेवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो. १८३६ चं कोल्ट पॅटरसन, १८५१ चं नेव्ही, १८६० चं आर्मी आणि रेमिंग्टनचं न्यू मॉडेल आर्मी ही त्यातली गाजलेली नावं. रेंजवर दिसतात त्या बहुतेक यांच्या नव्या प्रती. या प्रती इटलीच्या राष्ट्रीय चाचणीगृहात जादा भाराने तपासून मगच बाहेर पडतात, आणि काळ्या दारूसाठी तपासलेल्या हत्यारावर 'पीएन' असा ठसा असतो. नळीवर 'ब्लॅक पावडर ओन्ली' असंही कोरलेलं असतं. ते शब्दशः पाळायचं. धूर न करणारी आधुनिक दारू या हत्यारात चिमूटभरही चालत नाही. सिलिंडर फाटतो, आणि तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

आता बार भरण्याकडे येतो. या खेळातली जवळजवळ सगळी सुरक्षितता चाप ओढण्याच्या आधी असते, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात रिकाम्या सिलिंडरने. घरांतलं आणि निपलमधलं तेल पुसून काढायचं, मग नुसत्या केपा चढवून एकेक उडवायची. नळीचं तोंड लक्ष्याच्याच दिशेला, पण खाली, गवताच्या एखाद्या काडीजवळ. केप फुटल्यावर काडी हलली तर भोक मोकळं. नाही हलली तर तेल किंवा कचरा अडकलाय, निपल काढून साफ करायचं. हे न करता दारू भरली की पहिलाच बार फुसका जातो आणि भरलेलं हत्यार हातात घेऊन माणूस बुचकळ्यात पडतो.

मग घोडा अर्धा चढवायचा, म्हणजे सिलिंडर हाताने फिरतो. दारू डब्यातून थेट घरात कधीही ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर ज्योत सरळ डब्यात शिरते, आणि मग हातात डबा नसतो, बॉम्ब असतो. आमच्या क्लबात दारू घरूनच मोजून, एका बाराची एक अशा छोट्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये भरून आणायची पद्धत होती. मोठा डबा फायरिंग लाइनवर आणायलाच मनाई.

किती दारू? निर्मात्याच्या पुस्तिकेत कमाल आकडा असतो, त्याच्या वर जायचं नाही. .४४ च्या (हे नळीचं इंचांतलं ढोबळ माप) आर्मी रिव्हॉल्व्हरला पंचवीस-तीस ग्रेन हा नेहमीचा भार, म्हणजे दोन ग्रॅमलाही कमी. नेमबाजी करणारे त्याहूनही कमी, पंधरा-वीस ग्रेनच घालतात. पण मग घरात जागा उरते. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहता कामा नये, गोळी दारूवर घट्ट बसलीच पाहिजे. ती जागा भरायला काय वापरतात माहीत आहे? रवा! दारूवर मोजून रवा, त्यावर गोळी. पोकळी राहत नाही आणि गोळी घराच्या तोंडाजवळ बसते, त्यामुळे नेमही सुधारतो.

गोळी मऊ, शुद्ध शिशाची आणि घरापेक्षा किंचित मोठी. .४४ ला .४५१ किंवा .४५४ इंचाची, .३६ ला .३७५ ची. नळीखालच्या लिव्हरने ठासताना घराची कड गोळीला तासते आणि शिशाची केसाएवढी बारीक चकचकीत कडी सुटून बाहेर येते. ती कडी अखंड आली तर समजायचं घर बंद झालं. अर्धवट आली किंवा आलीच नाही, तर गोळी लहान आहे. ती सैल गोळी म्हणजे पुढच्या सगळ्या संकटाचं मूळ.

कारण एका घराचा बार उडताना ज्योत सिलिंडरच्या तोंडावर पसरते. शेजारच्या घरातली गोळी सैल असेल तर ज्योत कडेने आत घुसते आणि ते घरही पेटतं. त्या घरासमोर नळी नाही, फ्रेम आहे, म्हणजे हत्याराचा सांगाडा. याला साखळी बार म्हणतात. म्हणून घट्ट गोळी, तिच्याखाली मेण-चरबीत भिजवलेली लोकरी चकती किंवा गोळीवर ग्रीसचा थर, आणि मागे निपलवर चपखल बसणारी केप. आणि दुसरा हात सिलिंडरच्या पुढे कधीही न्यायचा नाही. दोन्ही हात मुठीवर.

केप सगळ्यात शेवटी. फायरिंग लाइनवर उभं राहून, तोंड लक्ष्याकडे करून, रेंज अधिकाऱ्याने सांगितल्यावरच. त्याआधी हत्यार भरलेलं असलं तरी केपेवाचून ते उडत नाही, तेवढाच आपला आधार.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर हत्यार तसंच लक्ष्याकडे धरून निदान मिनिटभर थांबायचं. दारू उशिरा पेटू शकते. वळून शेजाऱ्याला 'काय झालं बघ' म्हणायचं नाही, नळीत डोकावायचं नाही. आणि बार नुसता 'फुस्स' झाला, हाताला झटका बसला नाही, तर पुढचा चाप ओढूच नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, तिच्या मागे दुसरी गेली तर नळी फुगते.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

बाळीवेस_वारस
रवि, २२:२५

अण्णा, लई भारी लिहिलाय. माझा एक प्रश्न हाय, खरं सांगून विचारायलोय. पणजोबांच्या ट्रंकेत एक जुनं रिव्हॉल्व्हर हाय. तुम्ही सांगितलं तसंच, मागं निपल, खाली लिव्हर. खंडेनवमीला बाहेर काढतो, हळदकुंकू लावतो, परत ठेवतो. यंदा चुलत भाऊ म्हणतोय एक बार उडवून बघू. त्याच्या ओळखीतला एकजण गड्ड्याच्या जत्रेतल्या दारूकामाला माल पुरवतो, त्याच्याकडची दारू मिळेल म्हणतोय. एक बार चालेल का?

मागवाला_अण्णा
रवि, २२:३१

नाही. एकही नाही. भावाला आज रात्रीच सांग.

आणि सगळ्यात आधी एक कर, म्हणजे काहीच करू नकोस. ट्रंक उघडू नको, घोडा चढवून बघू नको, लिव्हर हलवू नको, गंज काढायला कानशी-सँडपेपर लावू नको. ते आत्ताही भरलेलं असू शकतं.

देवगडचा_बाप्पा
रवि, २२:५०

अण्णांच्या या शेवटच्या वाक्याला माझा जोर. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, रानडुकरं आणि माकडांसाठी. जुनी माणसं बार भरून बंदूक माळ्याला टांगून ठेवायची. माणूस गेला, बंदूक राहिली, आत बार आहे हे कुणालाच ठाऊक नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आम्ही एका नळीच्या बंदुकीत गज घालून बघतो. गज किती आत गेला त्यावर बोटाने खूण करायची, मग बाहेरून नळीला लावून मापायचा. कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत, पोचला नाही तर आत काहीतरी आहे. पण हे परवान्याच्या, रोजच्या हाताखालच्या बंदुकीचं. रिव्हॉल्व्हरला सहा घरं, सहा वेळा शंका. बाळीवेसवाल्या भावा, तू हे करायला जाऊ नको.

रसायन_गुरुजी
सोम, ०६:१५

दारूकामाच्या दारूबद्दल शिक्षक म्हणून लिहिणं माझं कर्तव्य आहे. होम मैदानावर जे शोभेचं दारूकाम होतं, त्यातल्या आवाजाच्या आणि लखलखाटाच्या मिश्रणांत अॅल्युमिनियमची भुकटी आणि तीव्र ऑक्सिडायझर असतात. ती बंदुकीची दारू नव्हे. कोंडल्यावर त्यांचा दाब इतक्या झपाट्याने चढतो की गोळीला पुढे सरकायला वेळच मिळत नाही, जे काही फुटायचं ते हत्यारच फुटतं. रंग काळा-राखाडी दिसला म्हणजे ती काळी दारू झाली असं नाही.

धूरविरहित दारूचंही तसंच. उघड्यावर पेटवली तर ती काळ्या दारूपेक्षा सावकाश जळते, म्हणून लोकांना वाटतं ती सौम्य आहे. पण कोंडली की दाबाबरोबर तिचा जळण्याचा वेगही वाढत जातो, आणि वेगाबरोबर पुन्हा दाब. आधुनिक पोलाद त्यासाठी बनवलेलं असतं. १८५१ च्या आराखड्याचा सिलिंडर नाही.

आणखी एक. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपातच उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरात जातो, बाकी नळीत काजळी म्हणून बसतो. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सल्फाइडचा. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात आणि पोलाद एका रात्रीत गंजायला लागतं.

मागवाला_अण्णा
सोम, ०८:०५

गुरुजी, धन्यवाद. म्हणूनच साफसफाई त्याच दिवशी. सिलिंडर उतरवायचा, निपल काढायचे, कडकडीत पाणी आणि साधा साबण, ब्रश, पुन्हा पाणी. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं, ते स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. गरम पाण्याने पोलादही तापतं, त्यामुळे आतला ओलावा लवकर उडतो. मग कोरडं करून तेलाचा हात. सोलापूरची हवा कोरडी म्हणून चालढकल करावी असं वाटेल, पण क्षारांना रात्रीचा गारवाही पुरतो.

वकील_अक्का
सोम, १०:४०

बाळीवेस_वारस, आता कायद्याचं. नीट वाचा.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्राला परवाना लागतो. ते शंभर वर्षं जुनं आहे किंवा देवघरात आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. कलम ४५ (क) मध्ये जुनाट पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण अट बघा: ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. तुमचा भाऊ 'एक बार उडवून बघू' म्हणतोय, म्हणजे तो स्वतःच सांगतोय की ते वापरता येण्याजोगं आहे. ते ठरवणं तुमचं काम नाही, माझंही नाही.

मूळ मालक वारल्यावर वारसाने हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, ही तरतूद कलम २१ मध्ये आहे. वारस म्हणून परवान्याचा अर्जही करता येतो, शस्त्र नियम २०१६ मध्ये ती सोय आहे. शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. हत्यार पिशवीत घालून स्वतः घेऊन निघू नका. आधी लेखी अर्ज द्या, घरात असं सापडलंय, भरलेलं असण्याची शक्यता आहे, माणूस पाठवा म्हणून. जुना परवाना, पणजोबांची कागदपत्रं, काही असेल तर शोधून ठेवा.

दारूबद्दल: बंदुकीची दारू घरी बनवणं किंवा परवान्याविना बाळगणं १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली आणि २००८ च्या स्फोटक नियमांखाली येतं. आणि सणासमारंभात आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे परवानाधारकालाही लागू आहे.

बाळीवेस_वारस
सोम, ११:१०

अक्का, वाचलं. भावालाही वाचून दाखवलं. आई घाबरली, म्हणते आत्ताच्या आत्ता विहिरीत टाका.

वकील_अक्का
सोम, ११:१८

विहिरीत अजिबात नाही. आईंना सांगा की स्वतःहून कळवणाऱ्याची बाजू भक्कम असते आणि लपवणाऱ्याची पडकी. अर्जाचा मसुदा व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) पाठवते.

माळरान_पाखरू
सोम, १३:३०

रिव्हॉल्व्हरचं मला काही कळत नाही, पण एक सांगायचं आहे. 'गावाबाहेर माळावर जाऊन उडवू, तिथे कोण असतं' असं म्हणणारे मी ऐकलेत. माळावर पुष्कळ कोण असतं. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, काळवीट आहेत, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर आहेत, गवतात बसलेली पोरं आहेत. सपाट माळाला गोळी अडवणारं काहीच नसतं.

मागवाला_अण्णा
सोम, १३:५५

अगदी बरोबर. रेंजवर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो तो त्यासाठीच. शिशाची गोळी गोल असली तरी नेम चुकल्यावर फार लांब जाते, आणि दगडावर आपटली तर कुठल्या कुठे उसळते. बांध नसेल तिथे नेमबाजी नाही.

ओहायोतला_सोलापूरकर
सोम, २०:४५

जुळे सोलापूर सोडून बरीच वर्षं झाली, पण धागा बघून राहवलं नाही. मी इथे काळ्या दारूची नेमबाजी करतो. आमच्यापासून जवळ, इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची रेंज आहे. ही संस्था १९३३ ची.

अमेरिकेत एक विचित्र अडचण आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात केपांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रती 'अग्निशस्त्र' या व्याख्येत बसत नाहीत, राज्यांचे नियम वेगळे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती सहज विकत मिळते आणि घेणाऱ्याला वाटतं की हे खेळणं आहे. .४४ ची गोळी आजच्या काडतुसातून आली काय नि केपेच्या घरातून आली काय, माणूस मरतोच.

अण्णा, साखळी बाराबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. तुम्ही पुढच्या बाजूवर भर दिलात. माझ्या मते मागची बाजू जास्त दोषी. केप मोठी असली की लोक ती चिमटून निपलवर बसवतात. झटक्याने ती सैल होते, गळून पडते, आणि उघड्या निपलमधून शेजारची ज्योत आत जाते. निपलच्या मापाचीच केप घ्यायची, दहा नंबर की अकरा नंबर ते करून बघून ठरवायचं. चिमटायची वेळ येत असेल तर ती केप त्या निपलची नाहीच.

पितळी फ्रेमच्या प्रतींबद्दलही लिहायला हवं होतं. दिसायला देखण्या आणि स्वस्त, पण जास्त भाराने पितळ हळूहळू ताणतं आणि सिलिंडर-नळीतली फट वाढते. त्यात हलकाच भार. आणि कोल्टचं वॉकर! १८४७ चं ते दोन किलोचं धूड, एका घरात साठ ग्रेनपर्यंत दारू. त्या काळातच त्याचे सिलिंडर फुटल्याच्या तक्रारी होत्या. जास्त दारू म्हणजे जास्त मर्दानगी, हा समज तेव्हाही जिवावर बेतला होता.

मागवाला_अण्णा
सोम, २१:२०

मागच्या बाजूचा मुद्दा मान्य, मी एका ओळीत उरकला होता. आमच्या क्लबातही दोन तट होते. पुढचे आणि मागचे दोन्ही दरवाजे बंद करायचे, हे मात्र दोन्ही तटांना मान्य होतं.

फुटलेल्या केपांबद्दलही सांगतो. बार झाल्यावर केपेच्या चिंध्या होतात आणि कोल्टमध्ये त्या घोड्याच्या फटीत पडून यंत्र अडकवतात. काही जण घोडा चढवताना हत्यार वर उचलतात, म्हणजे तुकडा बाहेर पडतो. पण नळी बांधाच्या वर जाईल इतकं उचलायला बऱ्याच रेंजवर बंदी असते, आणि ती योग्य आहे. यंत्र अडकलं तर अधिकाऱ्याला हात करून बोलवायचं. रेमिंग्टनची फ्रेम वरूनही बंद असते, त्यात हा त्रास कमी. शिवाय रेमिंग्टनच्या सिलिंडरला दोन घरांच्या मधे खाचा असतात, घोडा त्या खाचेत टेकवता येतो. तरी आमच्याकडे पाचच घरं भरून सहावं रिकामं घोड्याखाली ठेवायची सवय लावलेली.

कानाची_डॉक्टर
मंगळ, ०७:५०

मी कान-नाक-घसा बघते. कुणीही कानांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितेय. हँडगनच्या एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. काळ्या दारूचा आवाज 'धब्ब' असा जाड वाटतो म्हणून तो सौम्य आहे असं नाही. आतल्या कानाच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि कानात कायमची शिट्टी बसते. आत प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला. बघायला उभ्या असलेल्यांनीसुद्धा. डोळ्यांना चष्मा हवाच, केपेचे तुकडे मागे उडतात.

शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, लाइनवर खाणं-पिणं नाही, आणि रेंजवरचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही बाधते.

मागवाला_अण्णा
मंगळ, ०८:३०

ताई, हे फार महत्त्वाचं. कपड्यांत एक भर: सुती घालायचे. नायलॉन-पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

कसबा_पेठकर
मंगळ, १२:१५

सगळं वाचलं. मनापासून विचारतो, इतके धोके आहेत तर हा छंद करायचाच कशाला?

मागवाला_अण्णा
मंगळ, २१:०५

प्रश्न रास्त आहे. मला यात जे मिळालं ते सांगतो. केपांच्या रिव्हॉल्व्हरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पंचवीस मीटरवर तीस मिनिटांत तेरा बार मिळतात, त्यातले सर्वोत्तम दहा धरतात. तेरा बारांना अर्धा तास! आणि तो अर्धा तासही धावपळीचा वाटतो, कारण प्रत्येक बार हाताने घडवावा लागतो. दारू किंचित कमी पडली, गोळी जरा कमी दाबली, काजळी वाढली, की गोळी कुठे लागते ते कागदावर दिसतं. माझं आयुष्य मागाचा ताण लावण्यात गेलं. एक धागा सैल राहिला तर कापडात कुठे दिसेल हे मला कळतं. तीच जात या कामाची आहे. तिथले म्हातारे नेमबाज तासन्‌तास एक शब्द न बोलता भरत, उडवत, पुसत बसायचे. ज्याला धडाका हवा असतो तो महिनाभरात कंटाळून निघून जातो, आणि ते बरंच आहे.

पण धोका मान्य नसेल तर न करणं हे पूर्ण शहाणपणाचं आहे. मी स्वतः सोलापुरात परतल्यापासून हे केलेलं नाही, कारण इथे मला त्याची रीतसर सोय नाही.

दहा_मीटर
मंगळ, २१:४०

अण्णा, मी एअर पिस्तूल मारते, कॉलेजला आहे. ज्यांना नेमबाजीच हवी आहे त्यांच्यासाठी लिहिते. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य. पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. सुरुवात दहा मीटरनेच करा, आणि तीही प्रशिक्षकाकडे. परवाना नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे, छऱ्याने डोळा जातो. घराच्या गच्चीवर बाटल्या मारणं याला आम्ही नेमबाजी म्हणत नाही.

तुम्ही लिहिलेला 'बार फुसका गेला तर मिनिटभर थांबा' हा नियम मी आमच्या लहान मुलांना वाचून दाखवला. आमच्याकडेही मशीन अडलं की पोरं पिस्तूल हातात घेऊन वळतात.

मागवाला_अण्णा
मंगळ, २१:५२

शाब्बास गं पोरी. वळायची सवय पहिल्या दिवशीच मोडायला हवी, नंतर ती मोडत नाही.

बाळीवेस_वारस
शुक्र, १९:३०

सगळ्यांना कळवायचं होतं. अक्कांच्या मसुद्यावरून अर्ज दिला. दोन पोलीस आणि एक जाणकार गृहस्थ घरी आले, पंचनामा केला, हत्यार घेऊन गेले. त्या गृहस्थांनी उजेडात धरून पुढून बघितलं. चार घरं रिकामी, दोन घरांत तोंडाशी काहीतरी राखाडी बसलेलं. शिसं हाय का नुसती घाण हाय ते तपासूनच कळेल म्हणाले. निपलवर केपा नव्हत्या. आम्ही पोरं लहानपणी त्याचा घोडा चढवून चाप ओढायचो. आई आता देवाला पेढे ठेवायला निघाली.

अक्का, पावती मिळाली हाय. पुढं काय?

वकील_अक्का
शुक्र, २०:०५

पावतीवर हत्याराचं वर्णन, त्यावरचे आकडे-ठसे आणि तारीख आहे ना ते बघा. नसेल तर उद्याच जाऊन लिहून घ्या. एक प्रत घरी, एक माझ्याकडे. तपासणीत ते निकामी ठरलं किंवा कायमचं निकामी करून मिळालं, तर स्मरणवस्तू म्हणून परत मागता येईल, तो अर्ज वेगळा करू. वारसांमध्ये सगळ्या भावंडांच्या सह्या लागतील, आत्तापासून बोलून ठेवा.

देवगडचा_बाप्पा
शुक्र, २०:२०

फार चांगलं केलंत. अण्णा, एक राहिलं. तुम्ही गोळीवर ग्रीस म्हणालात. आपल्याकडच्या उन्हात ते वितळून दारूत उतरणार नाही का?

मागवाला_अण्णा
शुक्र, २१:१०

उतरतं. इटलीतही जुलैमध्ये हा त्रास व्हायचा, पहिल्या बाराच्या उष्णतेनेच शेजारच्या घरांवरचं ग्रीस पातळ होऊन मुठीवर ओघळायचं. म्हणून उन्हाळ्यात गोळीवर ग्रीस न लावता गोळीखाली चकती ठेवतात. चकती मधमाशीच्या मेणात थोडं खाद्यतेल घालून भिजवायची, उन्हाळ्यात मेणाचं प्रमाण जास्त. पेट्रोलियमचं ग्रीस नको, काळ्या दारूच्या काजळीशी मिळून त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. सिलिंडरच्या मधल्या दांड्यालाही हेच मेण-तेल लावायचं. आणि चकत्या भिजवल्यावर जास्तीचं तेल पिळून, कागदावर रात्रभर ठेवून मगच वापरायच्या. ओलसर चकती दारूवर बसली की तेल खाली झिरपतं, आणि मग बार उडत नाही.